पाण्याखाली जावं की जाऊ नये?

अंदमानला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम आता जवळपास ठरलेला असतो. श्री विजयपुरम, म्हणजे कालपरवापर्यंतचं पोर्ट ब्लेअर, तिथे उतरायचं, सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडायचे, बोटीने हॅवलॉक गाठायचं आणि तिथे स्कूबा करायचं. हॅवलॉकचं अधिकृत नाव डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पण पर्यटकांच्या आणि एजंटांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. या कार्यक्रमातल्या शेवटच्या कलमावरून, प्रवाळांमध्ये उतरण्यावरून, एका घरात झालेला हा वाद. आत्या रत्नागिरीच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. भाची पुण्यात आर्किटेक्ट. गेल्या हिवाळ्यात हॅवलॉकला डाइव्हिंगचा कोर्स करून आलेली आणि आता मुलाला, शेजाऱ्यांना घेऊन पुन्हा निघालेली. समुद्रावर दोघींचा सारखाच जीव आहे, म्हणून वादही जोरात झाला.

भाची: आत्या, डिसेंबरची तिकिटं काढतेय. आम्ही तिघं आणि शेजारचे चौघं. तूही चल ना. पाण्यात नको उतरूस, बोटीवर बस.

आत्या: मी येणार नाही, आणि तुम्हीही डाइव्हिंगसाठी जाऊ नये असं माझं मत आहे. जेल बघा, राधानगरच्या किनाऱ्यावर संध्याकाळ काढा, जंगलातून फिरा. प्रवाळांमध्ये माणसांच्या झुंडी उतरवू नका.

भाची: झुंडी कुठे गं? एका वेळी चार माणसं आणि एक इन्स्ट्रक्टर.

आत्या: एका वेळी चार. दिवसाला किती बोटी? हंगामात किती दिवस? अंदमानचा हंगाम नोव्हेंबर ते मे. मी तुमचे व्हिडिओ पाहिलेत. ज्याला पोहता येत नाही असा माणूस, पाठीवर सिलिंडर, मागून कोणीतरी त्या सिलिंडरची मान धरून त्याला सामानासारखा पुढे ढकलतंय. वीस मिनिटं. समोर कॅमेरा. तो दोन्ही हातांनी खुणा करतो, पाय सायकल मारल्यासारखे हलतात आणि खालची वाळू उडून ढग होतो. या माणसाने समुद्र पाहिला असं तू म्हणशील?

भाची: नाही म्हणणार. त्याने स्वतःला पाण्यात पाहिलं. पण त्यावरून सगळ्या डाइव्हिंगचा निकाल लावू नकोस. तू सांगतेस ती चाचणी-डाइव्ह. तिला पोहणं लागत नाही, जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत नेतात आणि इन्स्ट्रक्टर तुला सोडत नाही. मी केला तो ओपन वॉटर कोर्स. तीन-चार दिवसांचा. आधी दोनशे मीटर पोहून दाखवायचं, मग दहा मिनिटं कशाचाही आधार न घेता तरंगायचं. त्यानंतर उथळ पाण्यात एकेक कौशल्य. समुद्रातल्या चार डाइव्ह पूर्ण झाल्याशिवाय कार्ड हातात मिळत नाही, आणि ते कार्डही अठरा मीटरपर्यंतचंच.

आत्या: कौशल्य म्हणजे काय ते नीट सांग. मला जाहिरातीतलं नको.

भाची: वाळूवर गुडघे टेकून बसायचं आणि मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं. नाकापर्यंत पाणी चढतं, खारट, डोळे चुरचुरतात. सगळं अंग ओरडून सांगतं, वर पळ. पळायचं नाही. मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, मान जरा मागे करायची आणि नाकातून हळू, लांब श्वास सोडायचा. आतली हवा पाण्याला खालच्या कडेने बाहेर ढकलते. मग तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो तो, काढून टाकायचा, उजवा हात मागून गोल फिरवून तो शोधायचा, परत तोंडात घ्यायचा. तेवढा वेळ तोंडातून बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

आत्या: बुडबुडे कशाला?

भाची: पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही म्हणून. पहिला नियम तोच. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. दहा मीटरवर तू दुप्पट दाबाची हवा छातीत घेतेस. ती कोंडून वर आलीस तर पृष्ठभागावर तिचं आकारमान दुप्पट होतं आणि फुप्फुसं फाटू शकतात. बॉइलचा नियम मी अकरावीत पाठ केला होता, कळला तो तिथे.

आत्या: आणि हे तू बारा वर्षांच्या मुलाला करायला लावणार?

भाची: दहा वर्षांपासून परवानगी आहे, तीही खोलीच्या मर्यादेत. आधी आरोग्याचा फॉर्म भरायचा. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, फिट येणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांचं पत्र आणायचं. आणि तो स्वतः नको म्हणाला तर नको. डाइव्हिंगमध्ये कुठल्याही क्षणी, कारण न सांगता, डाइव्ह थांबवायचा हक्क प्रत्येकाला असतो. पाण्यात अंगठा वर केला म्हणजे ‘मस्त’ नाही, ‘वर चला’. एकाने अंगठा दाखवला की सगळे वर जातात.

आत्या: रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, त्याचं काय? आमच्या वेळी मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची दुखणी आम्ही वाचलेली आहेत.

भाची: आपण खाली श्वासात घेतो तो निव्वळ ऑक्सिजन नसतो, साधी दाबलेली हवा असते. तिच्यातला नायट्रोजन दाबाखाली शरीरात विरघळतो. झपकन वर आलं तर तो बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. सांधे दुखतात, प्रकरण मज्जारज्जूपर्यंत जाऊ शकतं. म्हणून सावकाश वर यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. शेवटच्या डाइव्हनंतर अठरा तास, आणि शक्यतो पूर्ण दिवस, विमानात बसायचं नाही, कारण विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. म्हणून आम्ही सेल्युलर जेल शेवटच्या दिवसावर ठेवतो. धोका आहेच, आत्या. पण तो कशाने होतो हे माहीत आहे आणि टाळायचा कसा तेही माहीत आहे.

आत्या: ठीक. तुझ्या जिवाची काळजी तू घेतेस, असं मानते. माझा खरा प्रश्न तो नव्हताच. समोरच्या जिवाची काळजी कोण घेतं?

भाची: म्हणजे प्रवाळाची.

आत्या: हो. लोकांना तो रंगीत दगड वाटतो. तो दगड नाही आणि झाडही नाही. ती प्राण्यांची वसाहत आहे. एकेक पॉलिप काही मिलिमीटरचा, तोंडाभोवती स्पर्शकांचं कडं, खाली स्वतः बांधलेला चुनखडीचा पेला. त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशात अन्न बनवतं, प्रवाळाला देतं, आणि प्रवाळाचा रंगही बराचसा त्याचाच. या दोघांचं जमलं नसतं तर अन्नाने गरीब अशा त्या निळ्या पाण्यात प्रवाळखडक उभेच राहिले नसते. तुझ्या पायातल्या फिनने उडालेली वाळू त्यावर बसली की शैवालाचा प्रकाश अडतो, आणि पॉलिपला चिकट स्राव सोडून ती वाळू झटकावी लागते. त्यात त्याची शक्ती जाते. एकदा झटकेल, दहादा झटकेल. रोज बोटी यायला लागल्या तर?

भाची: आम्हाला प्रवाळापासून दूर राहायला शिकवतात.

आत्या: शिकवलेलं किती जण पाळतात? शिंगांसारख्या फांद्यांचे ॲक्रोपोरा वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर वाढू शकतात. मोडले तर काही वर्षांत भरून निघतील असं म्हणू. पण पोरायटिसचे घुमट? वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर. माणसाच्या उंचीचा घुमट दिसला तर तो दीडशेहून अधिक वर्षांचा आहे असं समजून चाल. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ मध्ये सुरू झालं आणि १९०६ मध्ये संपलं. म्हणजे तो घुमट जेलपेक्षा वयाने मोठा. जेलच्या भिंतीवर कोणी नाव कोरलं तर तू चिडशील. प्रवाळावर फिन आपटला तर तो कोणाच्या लक्षातही येत नाही. कायद्याने मात्र २००१ पासून खऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकलंय, वाघाच्या पंक्तीला. तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे.

भाची: हे सगळं मान्य. पण प्रवाळ कोण मारतंय ते सरळ बघ ना. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानचा समुद्र तापला तेव्हा हॅवलॉकजवळ पाहणी केलेल्या जागी सुमारे दोन-तृतीयांश प्रवाळ पांढरे पडले होते. २०१६ मध्ये पुन्हा तेच. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं विरंजन जाहीर केलं. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो. हे कुठल्या डाइव्हरने केलं? आणि डिसेंबर २००४ च्या भूकंपाने उत्तर अंदमानचा तळ वर उचलला गेला, प्रवाळखडकच्या खडक पाण्याबाहेर येऊन उन्हात मेले. त्यापुढे माझा फिन केवढासा?

आत्या: तापाने फणफणलेल्या माणसाला कोणी ढकललं, तर ‘मी कुठे ताप आणला’ असं म्हणून सुटता येईल का? विरंजन म्हणजे मरण नव्हे. पाणी वेळेत गार झालं तर शैवाल परत येतं, प्रवाळ सावरतो. पण तोपर्यंत तो उपाशी असतो आणि त्याला विसाव्याची गरज असते. थायलंडने हे ओळखलं. २०१० च्या विरंजनानंतर जानेवारी २०११ मध्ये त्यांनी सागरी उद्यानांमधल्या अठरा जागा डाइव्हिंगसाठी बंद केल्या. तोच अंदमान समुद्र, फक्त पलीकडचा काठ. पर्यटनावर जगणारा देश ते करू शकतो. शिवाय तू ज्या उष्णतेची गोष्ट करतेस तिच्यात पुण्याहून अंदमानला जाणाऱ्या विमानाचाही वाटा आहे.

भाची: विमानाचा मुद्दा मला खोडता येणार नाही. त्यावर मी एवढंच करू शकते की चार दिवसांच्या दोन धावत्या सहलींऐवजी एकदाच जाऊन दहा-बारा दिवस राहायचं. तसंही घाईत डाइव्हिंग करू नये. पण आत्या, तू सगळ्यांना किनाऱ्यावर थांबवलंस तर तिथल्या माणसांचं काय? हॅवलॉकची वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर ही गावं त्यांनी जंगल तोडून वसवली. भात, सुपारी, मासे यांवर जगले. आज त्यांच्या नातवंडांतले काही जण बोट चालवतात, काही डाइव्हमास्टर आहेत. जिवंत प्रवाळ दाखवून घर चालणाऱ्या माणसाला तो जिवंत राहण्याची गरज असते. मालवणला हेच झालं नाही का? किल्ल्याभोवती पर्यटकांना पाण्याखाली नेणारे बरेच जण मच्छीमारांच्या घरातले आहेत. तारकर्लीला पर्यटन महामंडळाने डाइव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र उभं केलं, तेही स्थानिक मुलांनी शिकावं या हेतूने.

आत्या: मालवणचं नाव काढलंस तर पुढचंही सांग. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. इतकी वर्षं गेली, अभयारण्य आणि मच्छीमार यांचं गणित अजून नीट बसलेलं नाही. रोजगार मिळतो हे मला दिसतं. पण रोजगार मिळाला म्हणजे संवर्धन आपोआप होत नाही. पर्यटक खूश व्हावा म्हणून माशांना ब्रेड टाकतात. प्रवाळ चरून वाळू करणारा पोपटमासा, शैवाल साफ ठेवणारे मासे, यांनी ब्रेडमागे धावायला सुरुवात केली तर खडकावरची मशागत कोणी करायची? बोट थांबवायला नांगर टाकतात, तो प्रवाळावर पडतो. एक नांगर शंभर फिन्सपेक्षा वाईट.

भाची: नांगराबद्दल मी तुझ्या बाजूने आहे. तळाला कायमची बांधलेली तरंगती बोयी असली की बोट तिला बांधता येते, नांगर लागत नाही. माशांना खायला घालणारं दुकान मी स्वतः टाळते. पण ही सगळी दुरुस्त होणारी कामं आहेत. इजिप्तमध्ये रास महंमदच्या सागरी उद्यानात नव्वदच्या दशकात अभ्यास झाला. डाइव्हरना खाली नेण्याआधी प्रवाळ म्हणजे काय, हात कुठे टेकला तर चालेल आणि कुठे नाही, हे थोडा वेळ समजावून सांगितलं, पाण्यात प्रत्यक्ष दाखवलं. एवढ्यानेच प्रवाळाला होणारे स्पर्श जवळजवळ एक-तृतीयांशावर आले. माणसं दुष्ट नसतात गं, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आत्या: तो अभ्यास चांगला आहे. त्याच तांबड्या समुद्रातला, त्याच काळातला दुसराही सांगते. एका जागी वर्षाला पाच-सहा हजार डाइव्हच्या पलीकडे गेलं की खडकाची हानी ठळकपणे वाढू लागते, असा त्या संशोधकांचा अंदाज होता. आता हॅवलॉकच्या निमो रीफसारख्या नवशिक्यांच्या जागेचा हिशोब तूच कर. दिवसाला चाळीस जण धरलेस आणि दोनशे दिवस धरलेस, तर आठ हजार होतात. माझे चाळीस कदाचित चुकीचे असतील. पण खरा आकडा कोण मोजतंय? आणि मर्यादा ओलांडली तर कोण थांबवतंय?

भाची: मर्यादा असावी हे मी नाकारत नाही.

आत्या: मग तेवढंच धरून चाल. मलेशियाने सिपादान बेटावरची रिसॉर्टं २००४ मध्ये हलवली आणि रोजचे परवाने मोजून द्यायला सुरुवात केली. बोनेअर बेटाने १९७९ मध्ये सागरी उद्यान केलं. तिथे डाइव्हर शुल्क भरतो आणि उद्यानाची देखभाल त्यातून चालते. थायलंडने २०१८ मध्ये माया बे बंद केला, जगभर प्रसिद्ध किनारा असूनही. आपल्याकडेही उदाहरण आहे. अंदमानातल्याच वांडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ चं. तिथे जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटं आलटून-पालटून उघडतात, एकाला विश्रांती मिळते. प्लास्टिक तपासल्याशिवाय बोटीवर पाऊल टाकता येत नाही. हे सरकारला जमतं. मग हॅवलॉकच्या प्रत्येक डाइव्हच्या जागेला का जमू नये?

भाची: जमावं. त्यासाठी मी सही करीन, जास्तीचे पैसेही देईन. पण आत्या, मला तुला एक विचारायचंय. लहानपणी तू आम्हाला रत्नागिरीला मिऱ्याच्या खडकांवर ओहोटीला नेत होतीस. ‘पाय टाकण्याआधी खाली बघ’ म्हणायचीस. डबक्यात समुद्रफूल उघडलेलं असायचं. तू आमच्या बोटांना पाणी लावून सावली न पाडता कसं वाकायचं ते शिकवलंस. ते दिसलं नसतं तर मला आज समुद्राशी काही देणंघेणं असतं का? पुस्तकातल्या आकृतीने ते झालं नसतं.

आत्या: मिऱ्याचे खडक दिवसातून दोनदा उघडे पडतात. तिथले जीव उन्हाला, लाटांना, माणसांच्या पायांना सरावलेले असतात. पंधरा मीटरवरचा प्रवाळ तसा नसतो.

भाची: नसतो. म्हणून तिथे जास्त काळजी घ्यायची, जास्त शिकून जायचं. तू दिलेला धडा तोच आहे, मी फक्त तो खोल पाण्यात नेला. डाइव्हिंगचं सगळ्यात अवघड कौशल्य काय आहे माहितेय? काहीही न करता एका जागी राहणं. फिन्सची टोकं वाळूला टेकवून आडवं व्हायचं. श्वास घेतला की छाती आपोआप उचलली जाते, सोडला की खाली येते. हात पोटाशी बांधलेले. सरावाने मग टोकंही सुटतात आणि तू फक्त श्वासावर तरंगतेस. सुरुवातीला मी कमरेचं वजन जास्त घेऊन सारखी खाली जायचे, मग जॅकेटमध्ये हवा भरून वर उसळायचे. जमलं तेव्हा पहिल्यांदा आजूबाजूला नीट पाहता आलं.

आत्या: काय पाहिलंस?

भाची: एक हेकरूच्या जातीचा मोठा मासा, हातभर लांब, प्रवाळाच्या कपारीपुढे थांबलेला. तोंड सताड उघडं, कल्ले पसरलेले. बोटाएवढा निळा पट्टेवाला सफाई करणारा मासा त्याच्या ओठांवरून आत गेला, गालफडाच्या आत काहीतरी टिपलं आणि कल्ल्यातून बाहेर आला. मोठा मासा हलला नाही. मागे आणखी दोन मासे थांबलेले. मी चार-पाच मीटरवर होते. जरा जवळ सरकले तर त्याने तोंड मिटलं आणि तो निघून गेला. मागचे दोघेही गेले. माझ्यामुळे त्यांची सफाई मोडली, हे मला दिसलं. पुढच्या वेळी मी जिथल्या तिथे राहिले.

आत्या: हं. हे तुझ्या पॅकेजच्या व्हिडिओत नसतं.

भाची: नसतंच. ते दिसायला वेळ द्यावा लागतो आणि लांब राहावं लागतं. आणि एकदा पाहिलं की माणूस बदलतो. ग्रेट निकोबारच्या गलाथिया उपसागरात मोठं बंदर करायची योजना आहे, २०२२ मध्ये तिला पर्यावरण मंजुरी मिळाली. तिथे चामडी पाठीची प्रचंड कासवं अंडी घालतात. तिथले प्रवाळ उचलून दुसरीकडे लावू, असं त्या योजनेत लिहिलंय. ज्याने प्रवाळ कधी पाहिला नाही त्याला ते वाक्य वाचून काहीच वाटणार नाही. कुंडी हलवल्यासारखं वाटेल. ज्याने पाहिलाय तो विचारेल, तो हेकरू, ती कपार, ती सफाईची जागा, हे कसं उचलणार? त्या समुद्राच्या बाजूने बोलायला माणसं हवीत ना?

आत्या: हवीत. पण अंदमानला डाइव्हिंग करून आलेल्यांपैकी किती जण त्या प्रकल्पाबद्दल एक ओळ तरी वाचतात? पाहिल्याने प्रेम वाटतं हे अर्धंच खरं. पाहिल्याने हावही वाटते. आज हॅवलॉक, उद्या मालदीव, परवा बाली. यादीत एकेक नाव खोडत जायचं. प्रेम वाटण्यासाठी थांबावं लागतं. एकाच खडकावर पुन्हा पुन्हा जाऊन काय बदललं ते नोंदवलं, तर मी त्याला निसर्गाची ओळख म्हणेन.

भाची: मग मी तेच करीन. त्याच जागी जाईन. गेल्या वर्षीचे फोटो माझ्याकडे आहेत, खोली आणि तारीख लिहून ठेवलेली आहे. पोराला नावं शिकव तू, जायच्या आधी. त्याला पोरायटिस आणि ॲक्रोपोरा वेगळे ओळखता आले पाहिजेत.

आत्या: शिकवीन. मेच्या सुट्टीत पाठव त्याला, आधी मिऱ्यावर चालू दे. आणि शेजारचे चौघं?

भाची: त्यांच्यातल्या दोघांना पोहता येत नाही.

आत्या: त्यांना वीस मिनिटांच्या डाइव्हला नेऊ नकोस.

भाची: नाही नेणार. डिसेंबरला सात-आठ महिने आहेत, तोपर्यंत पोहायला शिका असं सांगते. शिकले तर कोर्स करतील. नाही शिकले तर किनारा आणि जेल.

आत्या: एवढं केलंस तर तुझ्या जाण्याला माझा विरोध उरत नाही. बाकीच्या हजारोंना आहे. जोपर्यंत प्रत्येक जागेवर रोज किती माणसं उतरणार याचा आकडा ठरत नाही आणि तो पाळला जात नाही, तोपर्यंत राहील.

भाची: तो आकडा ठरेपर्यंत कोणीच जाऊ नये, हे मला पटत नाही. तो ठरवा म्हणून आग्रह धरणारे बहुतेक खाली जाऊन आलेलेच असतील.

वाद इथे थांबला, मिटला नाही. दोघींपैकी एकीला पूर्ण बरोबर ठरवण्याचं कारण नाही. पण ज्या मुद्द्यांवर दोघींचं एकमत झालं ते पुरेसे ठाम आहेत. पोहता येत नसताना, न शिकता, केवळ व्हिडिओसाठी प्रवाळांवर माणसं उतरवणं बंद व्हायला हवं. डाइव्हच्या प्रत्येक जागेला रोजची मर्यादा हवी, नांगराऐवजी कायमच्या बोयी हव्यात, आणि समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले की ती जागा त्या काळापुरती बंद व्हायला हवी. जॉली बॉयला जे जमतं ते हॅवलॉकला जमू शकतं. अंदमान प्रशासनाने हे करावं, आणि तिथे पैसे खर्च करणाऱ्या पर्यटकांनी ते मागावं.

या हिवाळ्यात तुम्ही निघाला असाल तर बुकिंगचे पैसे भरण्याआधी दुकानदाराला चार प्रश्न विचारा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण नेता? पाण्यात उतरण्याआधी प्रवाळाबद्दल काय सांगता? बोट बोयीला बांधता की नांगर टाकता? माशांना खायला घालता का? उत्तरं टाळली गेली किंवा हसण्यावारी नेली, तर दुसरं दुकान शोधा. आणि पोहता येत नसेल, तर यंदा तिकीट काढण्याऐवजी आपल्या गावच्या तलावावर नाव घाला. शिकून जाणाऱ्याला समुद्र जास्त दाखवतो, आणि समुद्राचंही कमी नुकसान होतं.